जवळचे नातेवाईक वगळून

ताई गेली तो मंगळवार होता. मी लॅबमध्ये होतो. दाजींचा फोन आला, तो मी बाहेर जाऊन घेतला. ते म्हणाले, "ये." मी एप्रन काढला, हात धुतले आणि पनवेलच्या इस्पितळात गेलो. पोचलो तेव्हा पलंगाभोवती पडदा ओढलेला होता. भाची बाकावर बसली होती. दाजी जिन्यात उभे होते. दुपारी आम्ही ताईला कळंबला घेऊन गेलो आणि संध्याकाळी नदीवर सगळं झालं.

त्यानंतर बरेच दिवस मला काही वाचता आलं नाही. एरवी वाचणं हे माझ्या कामाचाच भाग आहे, आणि काम संपल्यावरही मी वाचतच असतो. डोळ्यांसमोरून ओळी जायच्या, पान उलटायचं, आणि मागच्या पानावर काय होतं ते सांगता यायचं नाही. मग मी लिहायला बसलो. रोज थोडं थोडं. हे त्यातलं आहे.

माझं काम कोणी विचारलं तर मी औषधं बनवतो असं सांगतो. ते पुरतं खरं नाही. औषध दुकानात मिळतं. मी बनवतो ती पूड असते, चिमूटभर, बहुतेक वेळा पांढरी, कधी पिवळट, बोटाएवढ्या कुपीत मावणारी. त्यातल्या जवळजवळ सगळ्या पुडी पुढे कुठेच जात नाहीत. चौकाकडून खोपोलीला जाताना जुन्या हायवेवरून थोडं आत एका कंपनीचं संशोधन केंद्र आहे. तिथे आम्ही काही रसायनशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं एकाच गोष्टीच्या मागे होतो, आणि ती गोष्ट समजावून सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगता येणार नाही.

शरीरातल्या पेशींना बाहेरून निरोप येत असतात. सूज आणा, ताप आणा, लढणाऱ्या पेशी बोलवा, असे. पेशीच्या दारात आलेला निरोप आत पोचवण्याचं काम काही प्रथिनं करतात. त्यांना किनेझ म्हणतात. एक किनेझ दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेटची खूण चिकटवतं, ते तिसऱ्याला जागं करतं, आणि असं करत निरोप आतपर्यंत जातो. संधिवाताच्या काही आजारांत शत्रू कोणी नसतानाही हे निरोप थांबत नाहीत, आणि शरीर आपल्याच सांध्यांवर चालून जातं. प्रत्येक किनेझला एक खाच असते. त्या खाचेत नीट बसेल असा रेणू बनवला, की ते किनेझ गप्प होतं आणि निरोप तिथेच अडतो.

अडचण अशी, की शरीरात किनेझं शेकडो आहेत आणि त्यांच्या खाचा बऱ्याचशा सारख्या. ज्याला गप्प करायचं त्याच्या बाजूचं रक्त तयार करायचे निरोप नेत असतं, त्याच्या पलीकडचं जंतूंशी लढायचे. एकाला गप्प करताना बाजूची दोन-तीनही गप्प झाली, तर माणसाची सूज उतरते, पण रक्त कमी होतं, किंवा साधा खोकला छातीत उतरतो. म्हणून आमची सगळी मेहनत रेणू कुठे बसतो यापेक्षा कुठे बसत नाही यावर जाते. कार्बनचा एक छोटा गट इथून काढून तिथे लावायचा, नवी पूड बनवायची, तपासायला पाठवायची, वाट बघायची. आकडे आले की पुन्हा तेच. या कामात माझे केस पिकले.

ताई हे सगळं एका शब्दात उरकायची. मी कळंबला गेलो की अंगणातूनच आत ओरडून सांगायची, "आमचा पावडरवाला आला गं." मी जेवायला बसलो की माझ्या शर्टाचा वास घ्यायची. सॉल्व्हंटचा वास कपड्यांत राहतो, दोन धुण्यांतही जात नाही. "अंगाला असा वास मारतो नि म्हणं साहेब," असं म्हणून वाढायची.

आम्ही लोधिवलीचे. ताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. माझं लहानपण तिच्या कडेवर गेलं असं घरचे सांगत, आणि मला आठवतं तेव्हापासून शाळेच्या वाटेवर तिचा हात माझ्या मनगटावर असे. हाताला नव्हे, मनगटाला धरायची. सातवीनंतर ती शाळेत गेली नाही. मी जात राहिलो. लग्न होऊन ती कळंबला गेली तेव्हा मी चौकच्या हायस्कुलात होतो.

कळंबच्या आसपास आता शनिवार-रविवारी गाड्यांची रांग असते. दाजी भात करतात आणि एका रिसॉर्टच्या बागेत पगारावर आहेत. त्याच रिसॉर्टच्या आवारात एक चूल मांडलेली होती आणि सुटीच्या दिवशी ताई तिथे तांदळाच्या भाकऱ्या करायची. पाण्याला उकळी आली की त्यात पीठ टाकून झाकायचं, वाफ कोंडू द्यायची, आणि ती उकड गरम असतानाच मळायची. गार झाली की भाकरी चिरते. मग परातीत थापायची. ताईची भाकरी तळव्याने कमी आणि बोटांच्या टोकांनी जास्त फिरायची, आणि कडा अशी पातळ यायची की तव्यावर टाकताना मला दर वेळी वाटायचं, आता मोडते. मोडायची नाही. पाहुणे मोबाइल काढून तिच्या हातांचे व्हिडिओ घ्यायचे. ती मला म्हणायची, "यांच्या घरात आया नाय का रं? भाकरी काय बघायची गोष्ट हाय?" पण त्या दिवशी ती बांगड्या बदलून जायची, हे भाचीने मला सांगितलं होतं.

आजार पहिल्यांदा भाकरीला अडला. सकाळी उठल्यावर तिची बोटं मिटत नसत. कोमट पाण्यात हात बुडवून बसायची, ऊन वर आलं की थोडी मोकळी व्हायची. थंडीमुळे आहे असं सगळ्यांनी ठरवलं. वैशाखातही तेच राहिलं तेव्हा वय झालं असं ठरलं. मग ती कोणा डॉक्टरकडून इंजेक्शन घेऊन यायला लागली. इंजेक्शन घेतलं की चार-आठ दिवस हात अगदी मोकळे. ते कशाचं इंजेक्शन होतं ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. स्टिरॉइडने होतात तसे गाल गोल झाले होते. लोधिवलीला एका लग्नात बायका तिला म्हणाल्या, तब्येत सुधारली गं तुझी. ती म्हणाली, "सुखात हाय ना." आणि माझ्याकडे बघून हसली. मला हसू आलं नाही.

मी तिला पनवेलला संधिवाताच्या डॉक्टर आहेत त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी तिची बोटं एकेक करून दाबून बघितली. त्या आजाराची चित्रं मी कितीतरी वर्षं पडद्यावर बघत आलो होतो. बैठकीत पहिल्या स्लाइडवर एक सुजलेला हात असतो, मग पुढे रेणूंची चित्रं सुरू होतात. तो पहिला हात कोणी नीट बघत नाही. मी त्या दिवशी बघितला. डॉक्टरांनी नाव सांगितलं, ते मला आधीच ठाऊक होतं. त्यांनी छातीचाही फोटो काढायला लावला आणि म्हणाल्या, हा आजार हातात राहत नाही. फुप्फुसांच्या तळाशी जाळं धरायला सुरुवात झाली होती.

आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू झाली. थोडा फरक पडला. भाकरी थापण्याइतका नाही. रिसॉर्टच्या चुलीवर दुसरी बाई बसायला लागली. ताई तिला शिकवायला गेली आणि परत आल्यावर म्हणाली, हाताला वेग नाय तिच्या, पन करंल. त्यानंतर ती त्या आवारात गेली नाही.

आमच्या लॅबमध्ये एक न लिहिलेली रीत आहे. गुरुवारच्या बैठकीत घरातलं आजारपण कोणी काढत नाही. आमच्यातल्या एकाच्या आईला हाच आजार आहे हे मला त्याच्या निवृत्तीच्या समारंभात कळलं, योगायोगाने. घरचं माणूस डोळ्यांसमोर आलं की आकडे बघणारी नजर बदलते. वाईट आकडा थोडा बरा दिसायला लागतो. म्हणून मीही ताईबद्दल काही बोललो नाही. काम आधीपासून चालू होतं, तेच करत राहिलो. फरक एवढाच की संध्याकाळी लवकर निघेनासा झालो.

आणि मग एक पूड नीट निघाली. तिची तपासणी शेकडो किनेझांवर होऊन आली. निकाल आमच्याकडे झाडाच्या चित्रासारखा येतो. फांद्याफांद्यांवर सगळी किनेझं मांडलेली असतात, आणि रेणू जिथे जिथे चिकटला तिथे तिथे लाल ठिपका. बहुतेक रेणूंचं झाड लाल ठिपक्यांनी भरून येतं. या झाडावर एकच ठिपका होता, मोठा, आम्हाला हवा त्या जागी. एकाने ते चित्र छापून वाफा ओढून घेणाऱ्या हूडशेजारच्या भिंतीवर लावलं. पुढच्या रविवारी मी ते ताईला मोबाइलवर दाखवलं. नियमाने दाखवायला नको होतं, पण त्यात नाव-नंबर काही नव्हतं. तिने मोबाइल लांब धरला, जवळ धरला.

"कसलं रं झाड तुमचं, एवढ्या फांद्या नि एकच फळ?"

"एकच पाहिजे होतं."

"आमी असं झाड तोडतो," असं म्हणून तिने मोबाइल परत दिला, आणि दाजींना हाक मारून म्हणाली, बघा, याला एका फळासाठी पगार देतात.

त्या पुडीला पुढे नंबर मिळाला. ती प्राण्यांत गेली, मग धडधाकट माणसांत, आणि मग आजारी माणसांत द्यायची वेळ आली. तिथून पुढे आमचा तिच्याशी संबंध जवळजवळ संपतो. रसायनशास्त्रज्ञांना कोणत्या गावात, कोणत्या इस्पितळात चाचणी चालू आहे हेही सहसा सांगत नाहीत.

एका रविवारी मी कळंबला गेलो तर दाजी माझी वाटच बघत होते. ओटीवर बसवून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले. पनवेलच्या डॉक्टरांनी ताईला सांगितलं होतं की एका नव्या औषधाची चाचणी त्यांच्याकडे सुरू होते आहे, आजाराची तीव्रता बघता ती त्यात बसू शकेल, घरी बोलून ठरवा. मी पहिलं पान बघितलं. वर औषधाचा नंबर होता. माझा स्वतःचा फोन नंबर मला विचार करून आठवावा लागतो, हा नंबर तसा आठवावा लागत नाही.

मी म्हणालो, हे आमचं आहे.

दाजींना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर आपटले आणि भाचीला चहा ठेवायला सांगितला. ताई आतून पदराला हात पुसत आली. बोटं वाकडी झाली होती तरी ती हात तसेच पुसायची, एकेक बोट वेगळं करून. ती म्हणाली, "तू केलेलं?" मी म्हणालो, आम्ही सात-आठ जणांनी. ती खाली बसली. मला आठवतं, तिने कागदाला हात लावला नाही, नुसती बघत राहिली.

मी मात्र कागद वाचत गेलो. ते माझ्या स्वभावात आहे, कागद हातात आला की शेवटपर्यंत वाचणं. कोणाला घेता येणार नाही याची कलमं असतात. क्षयरोग होऊन गेलेला, गरोदर बाई, यकृताचा आजार. त्यांच्या खाली एक ओळ होती. औषध बनवणाऱ्या कंपनीत काम करणारे आणि त्यांचे जवळचे नातेवाईक यांना वगळून. जवळचे म्हणजे कोण तेही दिलेलं होतं. नवरा-बायको, आई-वडील, मुलं, सख्खी भावंडं.

मी ते वाचून दाखवलं. दाजींनी पुन्हा वाचायला लावलं.

हा नियम का असतो ते मी त्यांना सांगितलं. औषध लागू पडतंय की नाही हे रोग्याच्या सांगण्यावरही ठरतं. आज दुखतंय का, किती दुखतंय. भावाने केलेली गोळी बहीण घेत असेल, तर ती कमी दुखतंय म्हणेल. खोटं म्हणून नव्हे, तिला तसं खरोखरच वाटेल. तसं झालं तर पुढे हजारो माणसांना चुकीचं औषध मिळेल. मी हे नीट, हळू आवाजात सांगितलं. ओटीवर बसून सांगताना ते मला स्वतःलाच कुठल्या तरी दूरच्या गावचं वाटत होतं.

"मग कसं?" ताईने विचारलं.

"कंपनीत जवळचं कोणी आहे का असं विचारतील. आहे म्हटलं की घेणार नाहीत."

दाजी म्हणाले, "मग नाय म्हनायचं. आडनाव दुसरं, गाव दुसरं. कोन बघाया येतंय?"

कोणी बघायला येणार नव्हतं हे खरं होतं.

"म्हंजे मला भाऊच नाय असं सांगायचं?" ताई म्हणाली.

"तोंडानं नको सांगू. नुसती सही कर."

"सही काय नि तोंड काय." ती माझ्याकडे बघत नव्हती. "जित्या भावाला नाय म्हनू? त्याच्या जिवावर गोळी खाऊ? मला नको."

आमच्याकडे बायका भांडणातसुद्धा असं बोलत नाहीत. माहेर तुटलं म्हणतील, पाऊल ठेवणार नाही म्हणतील, पण मला भाऊ नाही असं तोंडातून काढत नाहीत. बोललेलं लागतं, ज्याच्याबद्दल बोललं त्याच्या आयुष्याला लागतं, असं त्या मानतात. माझी आईही असंच मानायची. मी हे मानत नाही. मी ताईला म्हणालो, बोलण्याने कोणाला काही होत नसतं.

"तू तुझ्या पुस्तकातलं सांग," ती म्हणाली. "मी नाय म्हनून सही केली, तर तुला चालंल?"

ती भाऊ नाकारण्याबद्दल विचारत होती. माझ्यासमोर ते कलम होतं, ती बैठक होती, ते आकडे बघणारे डोळे होते. दोन्ही गोष्टींना माझं उत्तर एकच निघत होतं आणि ते माझ्या तोंडून बाहेर येत नव्हतं. तिने थोडी वाट बघितली. मग म्हणाली, "बघ. तुला बी चालत नाय."

दाजी उठले. अंगणात जाऊन परत आले. "साऱ्या दुनियेला औषध देशील रं, नि हिलाच नाय," ते मला म्हणाले. "तू भाऊ हायेस का पावडरवाला?"

"दोनी हाय तो," ताई म्हणाली. "चहा घ्या."

पुढच्या खेपेला तिने डॉक्टरांना सरळ सांगून टाकलं, माझा भाऊ त्या कंपनीत हाय. डॉक्टर म्हणे हसल्या, मग गंभीर झाल्या, आणि तिचे आभार मानले. हे सांगताना ताईचा सूर असा होता की जणू तिने माझी कुठेतरी ओळख करून दिली होती.

डॉक्टरांनी तिला बाजारात मिळणारी एक जुनी गोळी सुरू केली. ती त्याच घराण्यातली, पण कमी निवडक. तिच्या झाडावर ठिपके बरेच आहेत. ती चांगली गोळी आहे, असंख्य माणसांना तिने उठवून बसवलं आहे, आणि ताईलाही उठवलं. दिवाळीनंतर तिची मूठ मिटायला लागली. पुसात तिने शेतातल्या वालाच्या शेंगांची पोपटी लावली, शेंगा मडक्यात भरून जाळात भाजतात ती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला तिने स्वतः दाबून भरला आणि मडकं उपडं घालताना दाजींना हात लावू दिला नाही. त्या हिवाळ्यात एकदा मी अवेळी गेलो तर ती चुलीपुढे होती. मला बघून म्हणाली, "बस, बघू नको." मी पाठ करून बसलो. परातीवर थापण्याचा आवाज येत होता, पूर्वीपेक्षा सावकाश, मध्ये मध्ये थांबून. भाकरी जाड आली होती. मी ती चटणीशी खाल्ली. तिने विचारलं, कशी झाली. मी म्हणालो, जाड. "खरं बोलतोस ते एक बरं हाय," असं म्हणून तिने दुसरी टाकली.

पावसाच्या शेवटी तिला खोकला झाला. या गोळ्यांवर असलेल्या माणसाला ताप कधी कधी नीट चढत नाही. सूज दाखवणारा रक्तातला आकडाही खालीच राहू शकतो. आतली कुरबूर बाहेर कळवणारा निरोपच अडवलेला असतो. हे डॉक्टरांना ठाऊक होतं, त्यांनी दाजींना बजावलं होतं, मीही सांगितलं होतं. दाजींनी हयगय केली नाही. खोकला लागला तसा तिला पनवेलला नेलं. तोवर फुप्फुसात उतरलेलं होतं, आणि जाळं धरलेल्या फुप्फुसात फार जागा उरलेली नव्हती.

तिला दाखल केल्यावर मी रोज जायचो. तोंडावर मास्क असल्याने तिला बोलायला श्रम पडत. जाण्याच्या आदल्या रविवारी तिने मास्क बाजूला केला आणि मला जवळ बोलावलं. मला वाटलं, भाचीच्या लग्नाचं काही सांगेल.

"तुझ्या त्या औषधाचं काय झालं?"

"चालू आहे."

"घ्यायला येतात लोक?"

"येतात."

"बायका हायत का?"

"बायकाच जास्त. हा आजार बायकांनाच जास्त होतो."

"मग बरं," ती म्हणाली. मास्क पुन्हा लावला आणि माझं मनगट धरून डोळे मिटून पडून राहिली. तिची बोटं बंद होत होती. गोळीने एवढं काम केलं होतं.

ती गेल्यावर मी काही आठवडे एकच गोष्ट शोधत होतो. ती कशाने गेली. आजाराने, आधीच्या इंजेक्शनांनी, गोळीने, की त्या वर्षी सगळ्या गावात आलेल्या खोकल्याने. मी शोधनिबंध वाचायचो, म्हणजे पानं उलटायचो. डॉक्टरांना भेटलो. त्या म्हणाल्या, तुम्हीच विचार करा, तुमचं शास्त्र काय सांगतं. माझं शास्त्र काय सांगतं ते मला माहीत आहे. एका माणसावरून काही सांगता येत नाही. ज्यांना औषध दिलं त्यांच्याशेजारी न दिलेली माणसं ठेवून बघावी लागतात, तेव्हा कुठे औषधाने काय केलं ते दिसतं. ताईच्या शेजारी ठेवायला दुसरी ताई नव्हती. तिला आमची गोळी मिळालेली, तिला कोणतीच न मिळालेली, तिला इंजेक्शनं न टोचलेली, अशा कुठे कुठे असतील त्या सगळ्या तायांची मी मनात रांग लावायचो आणि त्यातली एकही बोलायची नाही.

कामावर आजारी माणसांतल्या चाचणीचा पहिला टप्पा पार पडल्याचं कळलं. निकाल चांगले होते आणि पुढच्या, मोठ्या चाचणीला परवानगी मिळाली. पेढे वाटले गेले. मी खाल्ला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, सर, तुम्ही इतके गप्प का, हे तर तुमचंच मॉलिक्यूल. मी म्हणालो, घसा बसलाय. बैठकीतली रीत मी तेव्हाही मोडली नाही, आणि ती मोडावी असं मला आजही वाटत नाही. पण तो गुरुवार फार लांबला.

मग मी कळंबला गेलो. दाजी बांधावर वाल लावून आले होते, पायांना चिखल होता. मी त्यांना सांगितलं की औषध पुढच्या पायरीवर गेलं. पुष्कळांना लागू पडतंय. ते पाय धुवत राहिले. मग विचारलं, "तिनं घेतलं असतं तर वाचली असती?"

"माहीत नाही."

"तुला नाय माहीत तर कुनाला माहीत रं?"

मी त्यांना सांगितलं की चाचणीत सगळ्यांना खरं औषध देत नाहीत. काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी देतात आणि कोणाला कोणती हे रोग्यालाही माहीत नसतं, डॉक्टरांनाही. तिच्या वाट्याला काय आलं असतं ते सांगता येत नाही. तिच्या छातीचा फोटो बघून कदाचित त्यांनी तिला घेतलीही नसती.

दाजींनी तांब्या खाली ठेवला. "म्हंजे त्या दिशी मी तुला बोललो, ते एका खोट्या गोळीसाठी पन असंल."

"असू शकेल."

त्यांनी पाय पुसले. मग म्हणाले, "तिनं नाय म्हटलं ते मला पटलं नव्हतं. अजून बी पटत नाय. पन तिला तुझं नाव टाकायचं नव्हतं." आणि आत बघून भाचीला म्हणाले, "मामाला वाढ गं."

मोठी चाचणी आता चालू आहे. तिचा निकाल यायला वेळ लागेल, आणि तो आला तरी त्यात ताईबद्दल काही नसेल. मी सकाळी कामावर जातो आणि नव्या एका किनेझवर काम करतो. दाजी भात करतात, बागेत जातात. सुटी मिळाली की मी कळंबला जातो. आम्ही जेवतो, पावसापाण्याचं बोलतो, आणि अंधार पडायच्या आत मी निघतो.